डोक्याला मुका मार आणि मनाला धसका: दोन्ही एकत्र असताना उपचार कोणत्या क्रमाने घ्यावेत

दुचाकीवरून पडलेल्या माणसाचा सीटी स्कॅन नॉर्मल येतो, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, आणि दोन महिने उलटले तरी तो पूर्वीसारखा होत नाही. डोकं ठणकतं, वाचलेलं लक्षात राहत नाही, मुलांवर उगाच खेकसतो, मागून हॉर्न वाजला की दचकतो, रात्री घामाघूम होऊन उठतो. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "मेंदूला काहीतरी झालंय, एमआरआय करू." दुसरा म्हणतो, "रिपोर्ट चांगला आहे, याने मनाला लावून घेतलंय." न्यूरॉलॉजीच्या ओपीडीतून मानसोपचाराकडे आणि तिथून परत न्यूरॉलॉजीकडे चिठ्ठ्या फिरत राहतात. उपचार मात्र दोन्हीकडे अर्धवट.

बहुतेक वेळा दोन्ही तट अर्धे बरोबर असतात. सौम्य मेंदू-इजा आणि आघातानंतरचा तणाव-विकार, म्हणजे पीटीएसडी, एकाच अपघातातून एकाच माणसाला होऊ शकतात, आणि पुष्कळदा होतात. इराकहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात शुद्ध हरपण्याइतका डोक्याला मार लागलेल्यांपैकी ४३.९ टक्के लोक पीटीएसडीच्या निकषांत बसत होते. ज्यांना इतरत्र जखमा झाल्या पण डोकं बचावलं, त्यांच्यात हे प्रमाण १६.२ टक्के होतं. रस्त्यावरच्या अपघातांत आकडे वेगळे असतील, पण जोडी हीच. पुढचे टप्पे प्रौढांसाठी आहेत. मुलांच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी बदलतात.

आधी एवढं नक्की करा: इजा "सौम्य" होती का?

डॉक्टर ज्याला सौम्य मेंदू-इजा किंवा कन्कशन म्हणतात, त्यात शुद्ध हरपली असेल तर ३० मिनिटांपेक्षा कमी, आठवणीतला खंड २४ तासांपेक्षा कमी, आणि केसपेपरवरचा जीसीएस (शुद्धीची पातळी मोजणारे गुण) १३ ते १५ असतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. काही वेळ गोंधळल्यासारखं होणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, हेही पुरतं. "सौम्य" हा शेरा त्या दिवशीच्या स्थितीवर दिलेला असतो, आजच्या त्रासावर नाही. आणि सीटी स्कॅन रक्तस्राव व हाडाचा तडा शोधायला असतो. कन्कशनमध्ये तो बहुधा स्वच्छच येतो. स्वच्छ स्कॅनचा अर्थ ऑपरेशनची गरज नाही एवढाच घ्यावा.

जीसीएस १२ किंवा कमी असेल, किंवा स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला असेल, तर हा क्रम जसाच्या तसा लागू होत नाही. न्यूरोसर्जन सांगतील ते वेळापत्रक पाळा.

टप्पा १: पहिले ४८ तास – फक्त धोका ओळखा

या काळात मनाचा विचार बाजूला ठेवा. खालीलपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा:

- डोकेदुखी तासागणिक वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी
- झटका, बोबडं बोलणं, एका बाजूचा हातपाय लुळा वाटणं
- डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं पडणं
- गुंगी वाढत जाणं, माणसं न ओळखणं

वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लक्षणं दिसेपर्यंत वाट न पाहता आधीच दाखवा. म्हाताऱ्या माणसांत मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचतं आणि तीन-चार आठवड्यांनीही त्रास देतं. आजोबा "जरा गप्प गप्प" झाले, तोल जायला लागला, तर ते वयावर किंवा धसक्यावर ढकलू नका.

डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर माणसाला झोपू द्या. दर तासाला हलवून उठवण्याचा जुना रिवाज आता पाळला जात नाही. पहिले २४ तास घरात कुणीतरी सोबत असावं, एवढं पुरे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल; अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दारू पूर्ण बंद.

टप्पा २: पहिला महिना – विश्रांती कमी, गर्दी त्याहून कमी

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या प्रेमापोटी होतात.

पहिली चूक: महिनाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवणं. पूर्ण आराम एक-दोन दिवसच. त्यानंतर घरातल्या घरात हालचाल, मग रोज थोडं चालणं. माप असं ठेवा: त्रासाला ० ते १० गुण द्या. चालल्यावर गुण दोनने वाढले आणि तासाभरात खाली आले, तर हरकत नाही. त्याहून जास्त वाढले किंवा तासाभरात उतरले नाहीत, तर उद्या थोडं कमी चाला, पण चालणं बंद करू नका.

दुसरी चूक: भेटायला येणारी माणसं. प्रत्येकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं असतं. नुकत्याच अपघातातून आलेल्या माणसाला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावल्याने मन मोकळं होतं, ही समजूत खोटी आहे. जबरदस्तीने वदवून घेण्याने पीटीएसडी टळत नाही. त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर ऐका. नाहीतर घरातल्या एकाने दारातच दोन वाक्यांत सगळं सांगून टाकावं आणि चहा पाजून वाटेला लावावं. वाईटपणा येतो, येऊ द्या.

तिसरी चूक आता नवीन आहे: अपघाताचा व्हिडिओ. चौकातल्या सीसीटीव्हीचं फुटेज किंवा कुणी मोबाइलवर काढलेली क्लिप गावाच्या ग्रुपवर फिरत असते, आणि "बघ, असा पडलास" म्हणून ती जखमी माणसालाच दाखवतात. मेंदूला मार लागला तेव्हा जी आठवण नोंदलीच गेली नाही, ती क्लिप बघून परत येत नाही. वर नवी भयानक चित्रं मात्र डोक्यात घर करतात. क्लिप जपून ठेवायची तर दुसऱ्याच्या फोनमध्ये.

पहिल्या महिन्यात दचकणं, वाईट स्वप्नं, रडू येणं सर्रास होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. पीटीएसडीचं निदान एका महिन्याआधी करत नाहीत. पण त्रास इतका असेल की जेवण-झोप सुटली आहे, माणूस घराबाहेर पाऊलच टाकत नाही, तर महिना पुरा होण्याची वाट पाहू नका.

> सावधान: "मी मेलो असतो तर बरं झालं असतं" हे वाक्य चेष्टेवारी नेऊ नका. स्पष्ट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उत्तर हो असेल तर माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशक, गोळ्यांचा साठा, दोर अशा वस्तू हाताबाहेर ठेवा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. प्रसंग तातडीचा असेल तर ११२.

टप्पा ३: महिना उलटला, त्रास आहे – दोन रकान्यांची नोंदवही

झोप मोडणं, चिडचिड, लक्ष न लागणं, विसरणं, थकवा: ही लक्षणं दोन्ही आजारांत सारखीच असतात. म्हणून लक्षणांची यादी घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर हाती काही लागत नाही. सांगायला हवं ते लक्षण कधी येतं आणि कशाने जातं.

साधी शंभर पानी वही घ्या. दोन आठवडे, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. त्रास काय झाला, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, किती वेळ टिकला, कशाने कमी झाला. मग प्रत्येक नोंद दोन रकान्यांपैकी एकात टाका.

*भाराचा रकाना:* काम, उजेड, आवाज, हालचाल वाढत गेली तसा त्रास वाढला आणि थांबल्यावर उतरला. अर्धा तास एक्सेल शीट बघितल्यावर डोकं जड झालं. बसमध्ये वळणावर मळमळलं. भरल्या ताटावर सगळे एकदम बोलायला लागले आणि काहीच समजेना.

*भीतीचा रकाना:* कशाची तरी आठवण झाली, किंवा काहीतरी अचानक घडलं, आणि त्रास एकदम उसळला. अपघाताचा चौक लांबून दिसला आणि छाती धडधडली. डिझेलचा वास आला आणि प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला. तो रस्ता नको म्हणून चार किलोमीटरचा वळसा घेतला. टाळाटाळ याच रकान्यात येते, आणि लिहायला लोक विसरतात तीसुद्धा तीच, कारण टाळल्यामुळे त्या दिवशी त्रासच झालेला नसतो.

गणपतीच्या दिवसांत हा फरक फार स्वच्छ दिसतो. ढोल-ताशा तासभर ऐकून डोकं फुटायची वेळ आली, तर भार. अचानक एक सुतळी बॉम्ब फुटला आणि माणूस जमिनीवर आडवा झाला, तर भीती.

काही नोंदी दोन्हीकडे जातील. जाऊ द्या, मध्ये लिहा.

एवढी खटपट कशासाठी? कारण या दोन त्रासांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. भाराचा त्रास वाढला की थोडं मागे यायचं. भीतीचा त्रास वाढला की (जागा खरोखर सुरक्षित असेल तर) तिथेच टिकून राहायचं, तो आपणहून उतरेपर्यंत. लोक बरोबर उलटं करतात. भीतीला भार समजून "डोक्याला ताण नको" म्हणत घरात बसून राहतात, आणि टाळाटाळ पक्की होत जाते. किंवा भाराला भीती समजून "मन खंबीर कर" असं स्वतःला बजावत दहा तासांची शिफ्ट ओढतात आणि दोन दिवस आडवे होतात. माझ्या मते रखडलेल्या केसेसचं सर्वांत मोठं कारण हेच. औषध चुकणं त्याच्या बरंच मागे.

> तपासा: दोन आठवड्यांच्या नोंदींत भीतीचा रकाना जवळजवळ रिकामा असेल, तर टाळाटाळीबद्दल घरच्यांना विचारा. माणूस स्वतः सांगणार नाही. बायको किंवा भाऊ सांगेल.

टप्पा ४: कोणाकडे, काय घेऊन, काय विचारायचं

दोन माणसं लागतात: मेंदूची बाजू बघणारा (न्यूरॉलॉजिस्ट, नाहीतर अनुभवी एमडी मेडिसिन) आणि मनाची बाजू बघणारा (मानसोपचारतज्ज्ञ आणि शक्यतो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट). जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची सोय असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या ओपीडी आहेत. नावाला बिचकू नका, तिथे चालत येऊन चालत घरी जाणारे रुग्णच जास्त. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. निवृत्त सैनिक असाल तर ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून दोन्ही तज्ज्ञांकडे पाठवणी मागता येते. स्फोटाच्या जवळ होता का, हे स्वतःहून सांगा, कारण कुणी विचारेलच असं नाही.

सोबत न्यायच्या वस्तू: डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट (नुसती फिल्म नको), नोंदवही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून स्वतः आणलेल्यासुद्धा. आणि अपघाताआधी हा माणूस कसा होता हे सांगू शकेल अशी एक व्यक्ती. आधीपासून अर्धशिशी, नैराश्य, दारू, याआधी डोक्याला लागलेलं: लपवू नका, त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

मानसोपचाराकडे बहुधा एक प्रश्नावली भरून घेतात. पीसीएल-५ या प्रश्नावलीत २० प्रश्न आणि ० ते ८० गुण असतात. ३१ ते ३३ च्या पुढे गेलं की सविस्तर मुलाखत करावी असं मानतात. पण मेंदूला मार लागलेला असेल तर झोप, चिडचिड, एकाग्रता या प्रश्नांवर आपोआपच गुण चढतात. म्हणून एकूण बेरजेपेक्षा प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं आणि टाळाटाळ या दोन गटांत किती गुण आहेत, ते बघायला सांगा.

"त्याला तर अपघात आठवतच नाही, मग कसला धसका?" हे डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळतं. आठवणीत खंड असूनही पीटीएसडी होतो. माणसाला धडक आठवत नसली तरी रस्त्यावर पडलेला सोबती, अँब्युलन्समधला आवाज, कॅज्युअल्टीतली जाग आठवत असते. दुःस्वप्नं त्याचीच येतात.

> सावधान: इजा अपघाताने नाही तर घरातल्या मारहाणीतून झाली असेल, तर मारणारी व्यक्ती तपासणीच्या खोलीत नसावी. डोकं भिंतीवर आपटणं आणि गळा दाबणं या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगायलाच हव्यात. गळा दाबल्याने मेंदूचा प्राणवायू तुटतो आणि वरून खूण दिसेलच असं नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, जिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर असतं. जिथे धोका अजून चालू आहे तिथे "भीती उतरेपर्यंत टिकून राहा" हा नियम लागू नाही. आधी सुरक्षित जागा.

टप्पा ५: लवकर सुटणाऱ्या गोष्टी आधी सोडवा

यातल्या काही गोष्टी एकदोन भेटींतही सुटतात, पण कुणी शोधतच नाही.

*चक्कर.* कूस बदलताना किंवा मान वर करताना काही सेकंद खोली गरगरत असेल, तर बहुधा आतल्या कानातले कण जागेवरून हललेले असतात. डोक्याला मार लागल्यानंतर हे वारंवार होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट एपलीच्या पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते जागेवर आणतात. महिनोन्महिने चकरेच्या गोळ्या खाऊन हे बरं होत नाही. उलट शरीराची सवय करून घेण्याची ताकद मंदावते.

*मान.* डोक्याला झटका बसतो तेव्हा मानेलाही बसतो. मागून सुरू होऊन कपाळापर्यंत येणारी डोकेदुखी पुष्कळदा मानेची असते आणि फिजिओथेरपीने उतरते.

*गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी.* साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ चालली की ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा.

*झोप.* उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत. घोरणं फार असेल तर त्याची तपासणी सांगून ठेवा. रोज येणाऱ्या दुःस्वप्नावर एक सराव आहे: जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट आपल्याला हवा तसा बदलून लिहायचा आणि रोज दहा मिनिटं तो मनात घोळवायचा. हे थेरपिस्टकडून शिकून घेतलेलं बरं.

टप्पा ६: आघातावरचे उपचार, मेंदू "पूर्ण बरा" होण्याची वाट न बघता

"आधी डोकेदुखी जाऊ दे, मग मनाचं बघू" हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि वर्ष वाया घालवतो. सौम्य मेंदू-इजा असली तरी पीटीएसडीवरचे नेहमीचे उपचार करता येतात आणि लागू पडतात. टप्पा ५ चालू असतानाच हे सुरू करा. झोप आणि भीती सुधारली की डोकेदुखीची धारही बऱ्याचदा कमी होते.

पुरावा असलेले उपचार मोजके आहेत: टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरं जाण्याची पद्धत, प्रसंगाबद्दलच्या ठाम बसलेल्या विचारांवर काम करणारी पद्धत ("चूक माझीच होती", "आता रस्त्यावर कुणाचाच भरवसा नाही"), आणि ईएमडीआर (डोळ्यांची ठरावीक हालचाल करत आठवणीवर काम करण्याची पद्धत). साधारण ८ ते १६ सत्रं लागतात. पहिल्या भेटीतच विचारा: "तुम्ही यापैकी काय करता? किती सत्रं धरून चालायचं?" नुसत्या धीराच्या गप्पा म्हणजे हा उपचार नव्हे. धीर वाटतो, टाळाटाळ तशीच राहते.

मेंदूला मार लागलेल्या माणसासाठी थेरपिस्टला काही बदल करायला सांगा. तासभराऐवजी ३०-४० मिनिटांचं सत्र, किंवा मध्ये पाच मिनिटं थांबा. वेळ सकाळची, डोकं ताजं असताना. ट्यूबलाइटचा झगझगाट कमी. सत्राचे मुद्दे कागदावर, नाहीतर परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड. गृहपाठ एका वेळी एकच, आणि त्याचा अलार्म लावलेला. माणूस गृहपाठ विसरला तर तो टाळतोय की खरंच विसरला, हे नोंदवहीवरून कळतं.

पायऱ्या कशा असाव्यात? समजा, हडपसरजवळ सोलापूर रस्त्यावर ट्रकने मागून ठोकरलेला तिशीतला माणूस आहे. पहिली पायरी: पार्किंगमध्ये बंद स्कूटरवर दहा मिनिटं बसणं. मग सोसायटीच्या आत मागे बसून एक फेरी. मग दिवसाउजेडी रिक्षातून त्या चौकातून जाणं, मग तिथेच फुटपाथवर वीस मिनिटं उभं राहणं. स्वतः गाडी चालवणं शेवटी. प्रत्येक पायरी भीती अर्ध्यावर येईपर्यंत, आणि पुढे जाण्याआधी पुन्हा पुन्हा. आठवणीवर काम करताना सुरुवात जिथून आठवतं तिथूनच करायची. खंड भरून काढायची गरज नसते. संमोहनाने हरवलेली आठवण "परत आणून देतो" म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नका.

> सावधान: चक्कर येत असेल तोपर्यंत स्वतः गाडी चालवण्याची पायरी नाही. चौकात मधोमध गरगरलं तर तो भार आहे, आणि तिथे टिकून राहण्यात शहाणपण नाही.

पहिल्या दोन-तीन सत्रांनंतर स्वप्नं वाढू शकतात, माणूस म्हणतो "याने तर बिघडतंय". उपचार सोडणारे बरेच जण इथेच सोडतात. हे आधीच घरच्यांना सांगून ठेवा.

टप्पा ७: औषधं – एकाच्या हातात यादी

पीटीएसडीसाठी सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही औषधं वापरतात. परिणाम जाणवायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. ती मेंदूची इजा बळावल्याची खूण समजून आठव्या दिवशी औषध बंद करू नका. फोन करून विचारा.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्यांनी त्या रात्री झोप येते, पण पीटीएसडी बरा होत नाही. स्मरण आणि तोल आणखी बिघडतो, थेरपीतून मिळणारं शिक्षण बोथट होतं, सवय लागते. मार्गदर्शक तत्त्वं त्या पीटीएसडीसाठी नकोच म्हणतात. पण आधीपासून रोज चालू असतील तर एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या.

डोकेदुखीसाठी न्यूरॉलॉजिस्टने रात्रीची अमिट्रिप्टिलिन दिलेली असते, मानसोपचारतज्ज्ञ सर्ट्रालिन देतात, हाडांचे डॉक्टर वेदनाशामक. या तिन्हींचा एकमेकांवर परिणाम होतो, रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो. घरातल्या एकाने सगळ्या गोळ्यांची एक यादी ठेवावी आणि प्रत्येक टेबलावर तीच पुढे करावी.

टप्पा ८: कामावर आणि रस्त्यावर परत

एकदम पूर्ण वेळ हजर होऊ नका. शक्य असेल तिथे दोन आठवडे अर्धा दिवस, दर तासाला दहा मिनिटं स्क्रीनपासून दूर, महत्त्वाचं काम सकाळी. साहेबांना निदानाचं नाव सांगायची सक्ती नाही. "डोक्याला इजा झाली होती, डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने काम वाढवायला सांगितलंय" एवढं पत्र पुरतं. यंत्रावर, उंचीवर, ड्रायव्हर म्हणून काम असेल तर फिटनेस सर्टिफिकेट नुसतं स्टेथोस्कोप लावून घेऊ नका. चक्कर, झोप आणि गुंगीच्या गोळ्यांबद्दल स्वतःहून सांगा. नारळाच्या झाडावर चढणाऱ्याने तर नक्कीच.

बरं वाटायला लागल्यावरही दिवाळीचे फटाके, विसर्जनाची मिरवणूक, अपघाताची तारीख, कोर्टाची तारीख यांच्या आसपास त्रास उसळतो. त्याची आधीच तयारी ठेवा: मिरवणुकीतून बाहेर पडायचा रस्ता, सोबतीला एक माणूस, कानात घालायचे बोळे मोठ्या आवाजापुरते. बोळे दिवसभर घालून बसलात तर कान आणखी हळवे होतात.

दहाएक सत्रं झाली, औषध पुरेशा मात्रेत सहा-आठ आठवडे चाललं, आणि नोंदवहीत काहीच हललं नाही, तर तेच पुढे रेटू नका. पुन्हा तपासायच्या गोष्टी: दारू, घोरणं, नैराश्य, थायरॉईड, न शोधलेली मान किंवा चक्कर, आणि थेरपी खरंच झाली की नुसत्या गप्पा झाल्या.

टप्पा ९: कागद – उपचारांच्या बरोबरीने

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. "आधी बरं होऊ, मग बघू" म्हणणाऱ्यांची ती निघून जाते. एमएलसीची (रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेली) नोंद, पोलिस ठाण्यातली एफआयआर, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा.

पोलिसांना जबाब देताना आठवत नाही ते "आठवत नाही" असंच सांगा. भावाने सांगितलेलं, क्लिपमध्ये पाहिलेलं स्वतःची आठवण म्हणून लिहून देऊ नका. उलटतपासणीत तेच अंगाशी येतं. प्रसंग एकदाच सविस्तर लिहून काढा आणि वकील, विमा, ऑफिस यांना त्याची प्रत द्या, म्हणजे प्रत्येक टेबलावर नव्याने सांगावं लागत नाही.

मानसोपचाराचा खर्च दाव्यात धरा. त्यासाठी पहिल्या भेटीपासूनच्या पावत्या आणि केसपेपर लागतात, आणि अपघात व लक्षणं यांचा संबंध डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेला असावा लागतो. तो नंतर मागून घेणं अवघड जातं. आरोग्य विम्याच्या बाबतीत, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि उत्तरात या कलमाचा उल्लेख करा.